शरीरातल्या सेन्सरला ओल कुठून लागते

रॅटला हातात धरून किंवा नळीत कोंडून रक्तदाब मोजला, तर येणाऱ्या आकड्यात भीतीचाही वाटा असतो. माउसचं हृदय शांतपणी मिनिटाला साधारण ५०० ठोके देतं आणि पकडलं की सहज ७०० च्या घरात जातं. म्हणूनच सेन्सर आणि त्याचं सर्किट (मिळून इम्प्लांट) शरीरात बसवायचं, प्राण्याला पिंजऱ्यात मोकळं सोडायचं आणि आकडे रेडिओने बाहेर घ्यायचे.

इम्प्लांटचं वजन प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावं. ३०० ग्रॅमच्या रॅटला १५ ग्रॅम म्हणजे चैन आहे, पण २५ ग्रॅमच्या माउसला जेमतेम सव्वा ग्रॅम मिळतो. सेल, सर्किट, लेप, वायरी सगळं त्यातच बसवायचं. त्यामुळे माउससाठी डिझाइनची सुरुवात सेलपासून करावी लागते. रेडिओसकट २ मिलिअँपिअर खाणारं सर्किट सतत चालू ठेवलं, तर ३० मिलिअँपिअर-तासांचा सेल १५ तासांत संपतो. तेच दर ५ मिनिटांतून १० सेकंद जागं केलं तर सरासरी ०.०७ मिलिअँपिअरवर येते आणि कागदावर १८ दिवस मिळतात. प्रत्यक्षात १४ धरा. बारक्या सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो. रेडिओने २ मिलिसेकंदांसाठी १० मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज कोसळतं आणि मायक्रोकंट्रोलर (सर्किट चालवणारी चिप) रीसेट होतो. सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कमी गळतीचा कपॅसिटर लावला, तर तो एकटा सगळा झटका पेलतो म्हटलं तरी घसरण ०.२ व्होल्टवर थांबते.

पण बरेच इम्प्लांट सेल संपण्याआधीच ओल लागून बंद पडतात. इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे: सिलिकोन जाड ओतलं की पाणी आत शिरणार नाही. सिलिकोन पाण्याची वाफ अगदी मोकळेपणाने जाऊ देतं. जाडी वाढवली की वाफ पोचायला थोडा उशीर होतो, एवढंच. सिलिकोन टिकतं ते चिकटून राहण्यामुळे. ते पृष्ठभागाला पूर्ण चिकटलेलं असेल तर वाफेला पाणी होऊन साचायला जागाच नसते. जिथे बुडबुडा, फट किंवा फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावतात त्या रसायनाचा) डाग राहिला, तिथे पाणी साचतं. डागातले क्षार पाणी ओढत राहतात, लेपाखाली फोड येतो आणि त्या थेंबातून, ३ व्होल्टचा फरक असलेल्या बोर्डावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये करंट वाहू लागतो.

म्हणून सगळी मेहनत लेपाच्या आधी घ्यायची. सोल्डरिंग झालं की बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने घासा, मग डीआयोनाइज्ड पाण्याने दोन-तीनदा धुवा. अल्ट्रासॉनिक टबात टाकण्याचा मोह टाळा, कारण त्यात क्वार्ट्झ क्रिस्टल आणि प्रेशर सेन्सरचा पडदा दुखावू शकतो. सेल जोडण्याआधी बोर्ड ६० अंशांच्या आसपास रात्रभर सुकवा. मग लेप घट्ट चिकटावा म्हणून सिलेनचा हात, त्यावर ५ ते १० मायक्रॉन पॅरिलीन सी (पातळ प्लास्टिकचा थर) आणि शेवटी व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढलेलं सिलिकोन. पॅरिलीन वाफेतून बसतं आणि कानाकोपऱ्यात पोचतं, त्यामुळे इलेक्ट्रोडची टोकं झाकायला विसरू नका. लेटेक्सचे हातमोजे नकोत. त्यातल्या गंधकामुळे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने पिकणारं (घट्ट होणारं) सिलिकोन पिकतच नाही, स्पर्श झालेली जागा चिकट राहते आणि नेमकी तिथूनच ओल शिरते. कडा गोल हव्यात, टोकदार कोपऱ्यावर त्वचा ताणली जाऊन मरते.

चाचणी ०.९ टक्के सलाइनमध्ये, ३७ अंशांवर आणि सर्किट चालू ठेवून करा. बंद इम्प्लांट बुडवून काही सिद्ध होत नाही, व्होल्टेज असताना गंज फार वेगाने लागतो. घाई असेल तर ५७ अंशांवर ठेवा. दर १० अंशांना वेग दुप्पट या ढोबळ नियमाने तिथला १ आठवडा सुमारे ४ आठवड्यांइतका होतो. रोज झोपेतला करंट, म्हणजे सर्किट जागं नसताना ओढतं तो, मोजा. तो ३ मायक्रोअँपिअरवरून १० वर सरकला, तर सिग्नल कितीही स्वच्छ दिसो, ओल पोचली आहे.

निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) नको, १२१ अंश सेल सहन करत नाही. इथिलीन ऑक्साइड वापरा आणि वायू पूर्ण निघून जायला वेळ द्या.

रक्तदाबाच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या दाबाशी आकडा जुळवणं) लेप बसल्यानंतरच, कारण लेपाने पडदा ताठ होतो. सेन्सर निरपेक्ष दाब (हवेच्या दाबासकट एकूण दाब) मोजत असेल तर पिंजऱ्याशेजारी दुसरा सेन्सर ठेवून हवेचा दाब वजा करावा लागतो. वातावरणात १० हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे रक्तदाबात साडेसात मिलिमीटर पाऱ्याचा खोटा चढउतार. रक्तवाहिनीतला दाब सेन्सरपर्यंत आणणाऱ्या द्रवभरल्या नळीत (कॅथेटरमध्ये) एक बारीक बुडबुडा राहिला तरी ठोक्याचं टोक बोथट होतं. माउसचा ठोका सेकंदाला १० वेळा पडतो, त्याचा आकार नीट टिपायला निदान १०० हर्ट्झपर्यंत सपाट प्रतिसाद हवा, म्हणजे तिथपर्यंतचे सगळे बदल सारख्याच प्रमाणात टिपले जायला हवेत.

शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक वेळेवर द्या आणि ७ ते १० दिवसांचे आकडे निष्कर्षात घेऊ नका. वजन पूर्ववत झालं, रात्री तापमान आणि हालचाल वाढून दिवसा उतरू लागली, की प्राणी सावरला.

प्रयोग संपल्यावर इम्प्लांट फेकू नका. धुऊन ३७ अंशांच्या सलाइनमध्ये वरच्या थरातच ठेवा आणि शून्य, म्हणजे फक्त हवेचा दाब असताना दिसणारा आकडा, पुन्हा वाचा. ४ आठवड्यांत ते ६ मिलिमीटर पाऱ्याने सरकलं असेल, तर ते हळूहळू सरकलं की एका रात्रीत, हे त्या एका वाचनावरून कळत नाही. अशा वेळी पहिल्या आणि चौथ्या आठवड्याच्या सरासरी दाबाची तुलना सोडून द्यावी. एकाच दिवसातला रात्र-दिवसाचा फरक मात्र बहुतेक वेळा वापरता येतो, आणि हृदयगतीला तर या सरकण्याने धक्काच लागत नाही.