पुण्याच्या खडकात घरापुरता आड: खोली नव्हे, थर बघा

घराच्या आवारात आड खोदायचा ठरला की बहुतेक जण ‘किती फुटांवर पाणी लागेल’ असंच विचारतात. पुण्याच्या आसपास त्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. इथे पाणी खोलीवर अवलंबून नसतं, थरावर असतं.

वर काळी माती, कुठे दोन फूट तर कुठे दहा फूट. तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला मऊ खडक किंवा मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, टिकावाने सुटणारा दगड. त्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी मुरूम आणि मांजऱ्यातून झिरपत खाली येतं, कातळावर अडतं आणि त्याच्या पाठीवरून उताराकडे सरकतं. उपळे, म्हणजे झरे, बहुधा याच सांध्यावर फुटतात. अखंड कातळात पाणी धरायला जागाच नसते. त्याला फट असेल तरच पाणी, नाहीतर पन्नास फूट खोदूनही तो कोरडाच. म्हणून पाणाड्याच्या काडीपेक्षा शेजारच्या चार विहिरी बघाव्यात: मुरूम किती फुटांवर संपला, मे महिन्यात पाणी कुठे होतं, उतार कोणत्या बाजूला आहे. नदीकाठच्या मळईत, म्हणजे गाळाच्या मातीत मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे कडा उभ्या राहत नाहीत, सिमेंटच्या रिंगा आतून माती काढत काढत खाली उतरवाव्या लागतात.

जागा शोषखड्डा आणि सेप्टिक टँकपासून निदान ५० फूट दूर आणि उताराच्या वरच्या अंगाला घ्या. मुरमात घाण गाळली जाते, पण खडकाच्या फटीतून ती सरळ वाहत येते, त्यामुळे जास्त अंतर मिळत असेल तर सोडू नका. पिण्याच्या पाण्याच्या अधिसूचित सार्वजनिक उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. ग्रामपंचायतीत याची चौकशी टिकाव मारण्याआधी करा.

काम एप्रिल-मेमध्येच करावं. दिवाळीनंतर खोदलेल्या आडाला बारा-पंधरा फुटांवर पाणी लागतं, सगळे खूश होतात, काम थांबतं आणि मार्चमध्ये तळ दिसतो. मेमध्ये जी पातळी सापडते ती खरी. मृग लागायच्या आत मुरमाचा भाग बांधून झाला पाहिजे, कारण कोरडा असताना भिंतीसारखा उभा राहणारा मुरूम दोन सरी पडल्या की सोलून खाली येतो.

आता मापं. मुरमापर्यंत खोदाईचा व्यास ८ फूट धरा. एक फूट खोलीला ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास माल निघतो. कातळ लागला की व्यास ५ फुटांवर आणा, म्हणजे भोवती दीड फुटाचा कातळाचा टप्पा राहतो. १८ फूट मुरूम आणि त्याखाली १० फूट कातळ असेल तर ९ आणि २ असे साधारण ११ ब्रास. उकरलेला माल सव्वा ते दीडपट फुगतो, तेव्हा १४ ते १६ ब्रास उचलायची सोय आधी लावा. हा ढीग काठापासून पाच फूट लांब टाकायचा. काठावर ढीग घातला की त्याचं वजनच कड ढासळवतं.

तोंडावर दोन मजबूत वासे आडवे टाकून मध्यबिंदू पक्का करा. तिथून ओळंबा सोडायचा आणि चार फुटांची काठी फिरवून दर दोन फुटांना परीघ तपासायचा. हे सोडून दिलं की आड एका अंगाला कलतो, आणि ते बांधकामाच्या वेळीच ध्यानात येतं. आठ फुटांत दोघंच खाली, पाच फुटांत एकच. वर रहाटावर दोघं आणि एक माणूस फक्त बघायला, त्याने दुसरं काम करायचं नाही. बादली काठाखाली दोन बोटं भरायची, वर जाताना खालच्याने कडेला सरकायचं आणि बादलीत बसून कोणी चढ-उतार करायची नाही. हेल्मेट आणि कमरेचा दोर हवाच. मुरमात दिवसाला दीड-दोन फूट होतात. कातळात छिन्नी, पाचर आणि घणाने काही इंचच. वस्तीत सुरुंग नको: त्याला परवाना लागतो, आणि हादऱ्याने शेजारच्या सेप्टिक टँकला तडा गेला तर ती घाण तुमच्याच आडात येईल. कॉम्प्रेसरचा ब्रेकर घ्या, कॉम्प्रेसर वर ठेवून.

तांबडा थर लागला तर लगेच सावध व्हा. दोन कातळांमधली ही लाल माती ओली झाली की फुगते, गळते आणि वरचा दगड अधांतरी ठेवते. तेवढी पट्टी त्याच दिवशी दगड-सिमेंटने बांधून घ्या.

आडातल्या हवेकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि माणसं तिथेच दगावतात. जड वायू तळाशी साचतो, प्राणवायू कमी होतो. रोज सकाळी उतरण्याआधी कंदील सोडा. विझला तर उतरायचं नाही. पण कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू ज्योतीला कळत नाही, म्हणून डिझेल किंवा पेट्रोलचा पंप आत कधीही उतरवू नका. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून अर्धा तास हवा मारा. ब्लोअर नसेल तर निंबाची मोठी फांदी दोराला बांधून वर-खाली करतात, पण तो तात्पुरता उपाय. खालचा माणूस कोसळला तर दुसऱ्याने मागोमाग उडी टाकायची नाही, कमरेच्या दोराने ओढायचं. दोर त्यासाठीच असतो.

पाणी लागल्यावर उपसा सुरू होतो. काठावरचा पंप पुण्याच्या उंचीवर जेमतेम २० फुटांपर्यंत ओढतो, पुढे सबमर्सिबल मड पंप लागतो. त्याच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, लावा आणि पंप चालू असताना पाण्यात कोणी उभं राहू नका.

थांबायचं कुठे? सांध्यावर उपळे दिसले की कातळात ८ ते १० फूट, तेवढंच. ही खोदाई साठ्यासाठी असते. ५ फूट व्यासात एक फूट पाणी म्हणजे साधारण ५५० लिटर. दहा फुटांत साडेपाच हजार, पाच जणांच्या घराला आठवडाभर पुरेल. पाणी कमी वाटलं तर खाली जाऊ नका. सांध्याच्या पातळीवर आडवे बोअर मारा, उताराच्या वरच्या बाजूला.

बांधकाम कातळाच्या टप्प्यावर बसतं. त्या दीड फुटात बाहेरून तीन इंच खडीला, एक फूट दगडी भिंतीला आणि आतली तीन इंच मोकळी. खालचा भाग कोरड्या दगडात, म्हणजे पाझर आत येईल. वरचे १० फूट सिमेंटमध्ये १:४ प्रमाणात, आणि तिथे भिंतीमागे खडी नाही तर काँक्रीट. काळी माती भरू नका, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगेतून आत उतरतं. वर तीन फुटांचा कठडा, भोवती पाच फूट रुंद, बाहेर उताराचा ओटा आणि त्याला गटार.

गाळ काढून झाला की उपसा थांबवून पहिल्या तासात पाणी किती चढतं ते काठीने मोजा. तीन इंच चढलं तर तासाला १४० लिटर, घराला भरपूर. मग हजार लिटरला २०० ग्रॅम ब्लिचिंग पावडर बादलीत कालवायची, निवळी आडात टाकायची, रात्रभर ठेवून सगळं पाणी उपसून टाकायचं. नेहमीची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम, अर्ध्या तासाने ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीला, फिकट पिवळा रंग आला पाहिजे. पिण्याआधी पाणी प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या.

पहिल्या मोठ्या पावसानंतर काही तासांतच पाणी गढूळ झालं तर ते झऱ्याचं नाही, वरून शिरलेलं आहे. ओट्याची कड फोडून भिंतीमागे तीन फूट उकरा, पोकळी सापडेल. ती काँक्रीटने भरून पुन्हा क्लोरीन द्या आणि तोवर पाणी उकळून प्या.