छापलेली किंमत आणि द्यायची किंमत

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या दुकानात फळीवरची चिठ्ठी १९.९९ डॉलर सांगते आणि काउंटरवर २१.३१ मागतात. कितीही वर्षं राहा, हे अंगवळणी पडत नाही. सव्वा डॉलरनं कोणी बुडत नाही, पण ग्राहकाला दाखवलेला आकडा खरा नाही याची चीड येते. आपण बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत वाढलेली माणसं. घासाघीस करायची तिथे करू, पण पाकिटावर एमआरपी आली की विषय संपला. ‘सर्व करांसह’ हे शब्द त्या आकड्याशेजारी असतात, आणि खिशात तेवढे पैसे असले की माणूस ताठ मानेनं दुकानात शिरतो.

इथे विक्रीकर बिलात वरून लावतात. न्यू जर्सीत तो २०१८ पासून ६.६२५ टक्के आहे. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात ८.८७५. डेलावेअरमध्ये शून्य. बरं, सगळ्या वस्तूंना लागतो म्हणावं तर तेही नाही. न्यू जर्सीत तांदूळ, डाळ, दूध, भाजी यांना कर नाही. कपड्यांना नाही, डोकेदुखीच्या गोळीला नाही, टॉयलेट पेपरलाही नाही. शाम्पू, टूथपेस्ट आणि थंड पेयांना आहे.

सगळ्यात कहर चॉकलेटचा. नियमाप्रमाणे ज्यात पीठ आहे ती ‘कँडी’ नव्हे. त्यामुळे आत वेफर असलेल्या चॉकलेटला कर नाही, आणि त्याला खेटून ठेवलेल्या नुसत्या चॉकलेटला आहे. दोन्हींवर चिठ्ठी दोन डॉलरची. पहिलं दोन डॉलरलाच मिळतं, दुसऱ्याला २.१३ पडतात. न्यूयॉर्कमध्ये बेगल नावाचा पाव अख्खा घेतला तर करमुक्त, दुकानदारानं सुरीनं कापून दिला की करपात्र. हे गिऱ्हाइकानं फळीसमोर उभं राहून कसं ओळखायचं?

समर्थन असं देतात की प्रत्येक राज्याचा, कित्येक ठिकाणी गावाचाही दर वेगळा, मग देशभर एकच जाहिरात करणाऱ्या कंपनीनं किंमत छापायची कशी? हे मला अजिबात पटत नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी येईपर्यंत कर्नाटक आणि महाराष्ट्राचा व्हॅट वेगळा होता. तरी निपाणीत आणि पलीकडे कागलला बिस्किटाच्या पुड्यावर आकडा एकच असायचा, करासकट. दोन राज्यांचा हिशेब कंपनी आणि दुकानदार आपसात मिटवत, गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालत नसत. इथल्या दुकानाच्या संगणकाला तर दर पाठच असतो, त्याशिवाय बिल कसं निघेल? चिठ्ठ्याही दुकानातच छापतात.

आणि जमतं कसं ते पेट्रोल पंपावर दिसतंच. पंपाच्या फलकावरचा दर सगळ्या करांसकटचा असतो. फक्त रोख आणि कार्डाचा दर वेगळा असेल तर तेवढं बघून घ्यावं. जाता जाता सांगते, न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. आपल्याकडच्यासारखा इथेही पंपावरचा माणूसच भरून देतो. आता देशात असं हे एकच राज्य उरलंय आणि मला त्याचं फार कौतुक आहे.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही. बसस्टँडवर थंड बाटलीला एमआरपीच्या वर दोन-पाच रुपये मागतात, बेळगावात रिक्षाचा मीटर क्वचितच पडतो, आणि टिळकवाडीतल्या मोठ्या हॉटेलात बिलाखाली जीएसटीचे अडीच-अडीच टक्के येतातच. पण एमआरपीच्या वर घेतले तर तक्रार करायला पाकीटबंद मालाचे २०११ चे नियम हाताशी आहेत. इथे चिठ्ठीपेक्षा जास्त घेणं हीच रीत. उलट वापरून न आवडलेली वस्तू पावती दाखवून कित्येक दुकानांत महिन्याभरानंही परत देता येते, हे सुख आपल्याकडे नाही, हेही कबूल करायला हवं.

आई-बाबा येणार असतील तर त्यांना हिशेब असा शिकवा: न्यू जर्सीत किमतीचा पंधरावा भाग वर धरायचा. ४५ डॉलरला ३ डॉलर. नेमका कर २.९८ होतो, म्हणजे अंदाज पक्का. रोख देणार असाल तर सुटे जवळ ठेवा, कारण एक सेंटची नाणी पाडणं २०२५ च्या नोव्हेंबरात थांबलंय.

हॉटेलात याच्यावर टिप. ती चुकवू नका. वाढणाऱ्यांच्या मजुरीचा केंद्राचा किमान दर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलाय. राज्याचा त्याहून जास्त असला तरी भिस्त टिपेवरच. न्यूयॉर्कमध्ये बिलावरच्या कराची दुप्पट केली की पावणेअठरा टक्के होतात, न्यू जर्सीत तिप्पट केली की वीसच्या आसपास. कार्डाच्या यंत्राच्या पडद्यावर टिपेसाठी तयार दिलेले १८, २०, २२ टक्के बऱ्याचदा करासकटच्या रकमेवर काढलेले असतात, तेव्हा कराआधीची रक्कम बघून आकडा स्वतः घाला. सहा-आठ जण एकत्र बसलात तर आधी बिल नीट वाचा. मोठ्या टेबलाला टिप कित्येकदा बिलातच धरलेली असते, आणि खाली पुन्हा टिपेची रिकामी ओळ असतेच.