तुम्ही विचारलंत म्हणून: स्नेअरवर टेप लावावी का?

नांदेडमध्ये माझ्याकडे ड्रमसेट शिकायला येणारी मुले दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच विचारतात, "सर, स्नेअर फार घुमतोय, टेप लावू का?" स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला, खालच्या पडद्याला तारा लावलेला ड्रम; त्याचा घुमणारा नाद दाबायला पडद्यावर टेप चिकटवतात. ऑर्केस्ट्रात वाजवणारे जुने सहकारीही हेच विचारतात, फक्त त्यांच्या हातात टेपऐवजी रुमाल किंवा पाकीट असते. माझे उत्तर असे की आधी स्क्रू आवळायची किल्ली हातात घ्यावी, मग समोर जाऊन ऐकावे आणि तरीही गरज उरली तरच टेप काढावी.

जी आस, म्हणजे आघातानंतर मागे रेंगाळणारा नाद, मुलांना नकोशी वाटते, ती येते कुठून हे पाहिले पाहिजे. सगळीकडे सारख्या जाडीच्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट नसतात. पहिलाच उपस्वर साधारण १.५९ पट असतो, म्हणून तो मूळ स्वरात विरघळत नाही, वेगळा टणटणत राहतो. तबल्याच्या पुडीवरची शाई नेमकी हीच अडचण दूर करते. मध्यभागी वजन वाढल्यामुळे उपस्वर पटीत येतात, आणि आपल्या चर्मवाद्यांच्या या गुणावर चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९२० मध्येच लिहिले होते. आपल्या कारागिरांनी आस मारली नाही, ती सुरात आणली, हे मला फार मोलाचे वाटते. कीर्तनाआधी पखवाजाच्या धुम्यावर, म्हणजे डाव्या पुडीवर, ओली कणीक लावणारे मृदंगवादक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ते थोडी लावतात, थाप मारून ऐकतात, जास्त वाटली तर खरवडून काढतात. कान आधी आणि कणीक नंतर, हा त्यांचा क्रम आहे.

स्नेअरला शाई नसते, पण किल्ली असते. चौदा इंची स्नेअरच्या आठ किंवा दहा स्क्रूंपैकी प्रत्येकापाशी, कडेपासून इंचभर आत, काठीने हलके वाजवून सगळीकडचा सूर एक आहे का ते ऐकावे. एखादा स्क्रू सैल असला की आवाज हेलकावतो, आणि पुष्कळ जण टेपेने झाकतात तो हा हेलकावाच. तारा टेकलेले खालचे हेड (पडदा) तर कित्येक जण वर्षानुवर्षे तपासतही नाहीत. शिवाय काठी बरोबर मध्यावर पडली तर आवाज आपोआप कोरडा येतो आणि कडेकडे सरकली तर आस वाढते, म्हणजे निम्मा उपाय हातातच आहे.

मी स्वतः अनेक वर्षे पाकीट ठेवूनच वाजवत असे. एका जयंतीच्या कार्यक्रमात, मोकळ्या मैदानावर, ध्वनिचाचणीच्या वेळी माझ्या जागी शिष्याला बसवून मी शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो, तेव्हा स्टुलावर बसून मला नेटका वाटणारा तो आवाज तिथे रिकाम्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा येत होता. पाकीट काढायला सांगितल्यावर मात्र ठेका अंगावर आला. वादकाच्या कानापाशी टोचणारी आस ढोलकी, कीबोर्ड आणि गर्दी यांतून जाताना बरीचशी विरून जाते, आणि तिथे पोहोचते ते तिच्यामुळे आलेले भरीवपण. हे मला त्या संध्याकाळी कळले, आणि त्याआधीच्या वर्षांतल्या श्रोत्यांविषयी मला खरोखर वाईट वाटले.

तरीही टेप कधीच लावू नये, असे मी म्हणणार नाही. पत्र्याच्या छताचे मंगल कार्यालय असेल, किंवा रेकॉर्डिंगच्या लहान खोलीत माइक हेडपासून दोन-तीन इंचांवर असेल, तर तिथे उपस्वर खरोखरच त्रास देतात. अशा वेळी मी बोटाएवढा तुकडा, मध्ये किंचित फुगा ठेवून, काठी पडत नाही अशा बाजूला कडेजवळ चिकटवतो; वरचे उपस्वर आधी तिथेच मंदावतात आणि मूळ स्वर फारसा दबत नाही. संथ गाण्यापुरता तो राहतो, आणि भीमगीताचा ठेका सुरू होण्याआधी मी तो काढून स्टँडच्या दांडीला लावून ठेवतो.