त्या पिलाला दूध का पाजू दिले नाही?

परभणीत थंडी पडली की दरवर्षी कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतेच, आणि विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. गल्लीतल्या कुत्रीचे एक पिलू मी उपाशी मरू दिले, असे मानणाऱ्यांसाठी हे एकदा नीट लिहिते आहे.

भाद्रपदात फळलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, त्यामुळे पिले जन्माला येतात ती नेमकी कार्तिक-मार्गशीर्षात, रात्रीचा पारा झरझर उतरू लागतो तेव्हा. त्या पहाटे हातगाड्याखालचे पोते नळाच्या पाण्याने चिंब भिजले होते आणि आई जवळ नव्हती. डोळेही न उघडलेली तीन पिले होती. वरची दोन कुंईकुंई करत होती. खालचे मात्र गार पडले होते, त्याच्या हिरड्या पांढुरक्या झाल्या होत्या आणि तोंडात करंगळी घातली तरी ते चोखत नव्हते. शेजारच्या वहिनी वाटीत कोमट दूध आणि कापसाची वात घेऊन धावत आल्या. मी त्यांचा हात धरला.

इतक्या लहान पिलाला कुडकुडताही येत नाही; पहिले दोन-तीन आठवडे त्याची सारी ऊब आईकडून आणि भावंडांकडूनच येते. अंग गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते, पाजलेले दूध पोटात तसेच साचते, आणि चोखण्या-गिळण्याची शक्ती गेलेली असल्याने ते श्वासनळीत उतरू शकते. म्हणून आधी ऊब द्यायची, तीही हळूहळू, आणि दूध त्यानंतर. मी तिन्ही पिले कोरडी पुसून शालीत छातीशी धरली आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली, कारण नुसत्या बाटलीने त्यांची कातडी भाजते. ऊन अंगणात येईपर्यंत दोघे वळवळू लागले आणि आई परतताच तिला लुचू लागले. तिसऱ्याने एकदा पाय ताणला, तेवढेच. वहिनी तोवर वाटी घेऊन उभ्याच होत्या. दुधावर साय धरली होती. "शेवटचा घोट तरी जाऊ द्यायचा होता," एवढेच त्या म्हणाल्या.

गल्लीतल्या कुत्र्यांना रोज भाकरी घालणाऱ्या त्या बाईची माया माझ्यापेक्षा कमी नाही, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून लागते. पण मी निर्दय नाही, हेही मला सांगू द्या. पूर्वी मी ठणकावून म्हणत असे की ते पिलू तसेही वाचले नसते. आता म्हणत नाही, कारण ते मला कळण्याचा काही मार्गच नव्हता. दूध रोखले ते योग्यच केले, यावर मी आजही ठाम आहे. मात्र मरणाऱ्या जिवाच्या ओठाला काही लावावे की नाही, हा वहिनींचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो पशुवैद्यकाच्या ज्ञानाने सुटत नाही.

यंदाही ती कुत्री व्यायली आहे. हातगाड्याखाली फळ्या मांडून मी त्यावर कोरडा कडबा अंथरला आहे. पोते ओल धरून ठेवते, कडबा ओला झाला की बदलता येतो. पिलांना पाजणाऱ्या आईला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागते, तेव्हा ज्यांना काही आणावेसे वाटते त्यांनी ते तिच्यासमोर ठेवावे.