कोपऱ्यातली सहा रोपं

लोकांच्या बाल्कनीतल्या बागा बघायचं काम मी अकरा वर्षं करतोय. रोपं खुरटली म्हणून फोन आला की बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं, बी टाकल्यावर माणसाला धीर धरवत नाही, दिवसातून तीनदा पाणी, कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, चिखल होतो, मुळांना हवाच मिळत नाही आणि रोप दोन पानांवर बसून राहतं.

ऑक्टोबरात ठाण्याला घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या काकूंकडे गेलो तेही हेच मनात धरून. चौदावा मजला, ९८ कप्प्यांचा ट्रे, टोमॅटो आणि मिरची. पंचविसाव्या दिवशी टोमॅटोचं रोप कुंडीत लावण्याजोगं व्हायला हवं, चार-पाच पानं आलेली हवीत. इथे बीजपत्रांच्या, म्हणजे बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या, वर एकच पान, कडेने करपलेलं, खालून जांभळट. काकू म्हणाल्या, "अरे, माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत बघ." दोन नर्सरीवाल्यांनी त्यांना बुरशीनाशकं विकली होती, एकानेही रोप उपटून मुळी बघितली नव्हती, याचा मला फार राग येतो. पण मी तरी काय केलं, पाणी कमी घाला सांगितलं आणि निघालो.

आठवड्याने परत फोन. मग संशय कोकोपीटवर, कारण किनारपट्टीच्या नारळाचं असलं आणि नीट धुतलेलं नसलं तर त्यात मीठ राहतं. ट्रेखाली निथळलेलं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, १४०० आलं. मग बाल्कनीच्या नळाखाली तासभर स्वतः धुतलं, निथळणारं पाणी ७०० वर आणलं, म्हणजे नळाच्या पाण्याएवढंच, आणि नवीन बी टाकून दिलं. टँकरचं पाणी, जड असणारच, एवढंच मनात आलं. सतरा दिवसांनी तीच गत. तेच एक पान, तीच करपलेली कड.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पार्किंगमध्ये प्लंबर पंपरूमकडे मिठाची पोती नेत होता. विचारलं तर म्हणाला, सॉफ्टनरला लागतं. मी तिथेच थांबलो.

सॉफ्टनर पाणी जड करणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी मिठातलं सोडियम सोडतो. नळावर पांढरे डाग पडत नाहीत, गीझर टिकतो, साबणाला फेस येतो, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, म्हणून माझ्या मीटरला काही कळलंच नाही. मीटर क्षार किती ते सांगतो, कुठले ते नाही. रोपाला कॅल्शियम मिळत नव्हतं, वर सोडियम कोकोपीटला धरून बसत होतं, आणि मी ते त्याच पाण्याने तासभर धुतलं होतं! वर जाऊन जडपणा तपासायच्या किटची पूड नळाच्या पाण्यात टाकली. जड पाणी लालसर होतं, मग निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. हे पहिल्याच क्षणी निळं झालं. सॉफ्टनर वर्षभरापूर्वी बसवलेला, कमिटीने कुंड्यांचं पाणी वेगळं ठेवा असं एका ओळीत कळवायला हवं होतं, त्यांना स्वतःलाच माहीत नसणार.

आता काकू स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालतात, लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकून, कोकोपीट नवीन. विसाव्या दिवशी चौथं पान आलं, त्यांनी सकाळी साडेसहाला फोटो पाठवला.

पण मला झोप लागू देत नाही तो पहिल्या भेटीचा फोटो. ट्रेच्या एका कोपऱ्यात सहा रोपं बाकीच्यांच्या दुप्पट उंच, हिरवीगार. तिथे एसीचा पाईप ठिबकतो, आणि एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ, त्यात क्षार जवळपास नसतातच. काकूंनी तेव्हाच बोट दाखवलं होतं, "ही का रे चांगली आलीत?" मी म्हणालो, तिथे ऊन जास्त येतं. बघितलंसुद्धा नाही.

त्या रात्री जुनी वही काढली. यंदा घोडबंदर रोडवर चौघांना मी पाणी कमी करा सांगून आलो होतो, चौघांनाही फोन केले. दोघांच्या सोसायटीत सॉफ्टनर आहे. त्यातल्या एका ताईंनी कुंड्या देऊन टाकल्या होत्या.