दप्तराचा पट्टा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवणी लिहा, असा निरोप आला आणि मला शाळेच्या आधी शाळेची वाटच आठवली. वर्गात शिकलेलं बरंचसं पुसलं गेलं. वाट मात्र वळणांसकट पाठ आहे.

आम्ही सहा-सात जण असायचो. पुढे सातवीतली एक ताई. मोठा रस्ता आला की ती थांबायची. आम्ही पुढच्याच्या दप्तराचा पट्टा घट्ट धरायचा, आणि ती "चला" म्हणाली की अख्खी माळ पलीकडे. पहिलीत आईने मला चालत पाठवलं ते माझ्या नव्हे, त्या ताईच्या भरवशावर. (ती आजारी पडली की माझीही दांडी व्हायची, हे आता सांगायला हरकत नाही.)

दुसरा भरवसा खिंडाराचा. मागची कुंपणभिंत एका जागी ढासळली होती. वाकून आत शिरलं की थेट मैदान. मी चौथीत असताना ते बुजवलं. घर तिथंच, शाळा तिथंच, पण मोठा वळसा पडला आणि रहदारीचा आणखी एक रस्ता ओलांडावा लागू लागला. महिन्याभरात आमच्या माळेतले तिघं वडिलांच्या गाडीवरून येऊ लागले.

पुढे मी रस्तेआखणीच्या कामात पडलो. मूल चालत जाणार की नाही हे आधी अंतरावर ठरतं, हे खरंच. पण अंतर पावलांनी मोजायचं असतं, नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. आणि वाटेत किती रस्ते ओलांडायचे, सोबत कोण, हेही धरायचं असतं. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. १९७१ साली शंभरातली ८० मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात. १९९० साली उरली ९. पालकांच्या मनात मुख्य धास्ती रहदारीची. आता शाळेच्या फाटकासमोरची रहदारी कोणाची, ते शाळा भरायच्या वेळी तिथं उभं राहून बघावं. निम्म्या गाड्या मुलांना सोडायलाच आलेल्या!

परवा मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वाराशी कमान उभारावी, असं चाललंय म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, त्यापेक्षा मागच्या भिंतीत एक छोटं फाटक करू या." त्या हसल्या. मी मात्र जाऊन माप घेऊन आलोय. पाठीवर दप्तर असलेलं मूल न वाकता जाईल, एवढं.