नोंद तिसरी: १६.२ ग्रॅमची खार

८ फेब्रुवारी, दिवस १

संध्याकाळी सहाला शेजारच्या आळीतला मुलगा चपलेचं खोकं घेऊन दारात. "मॅडम, यातलं एक जिवंत वाटतंय."

खोक्यात काथ्या, कापूस, कुठल्याशा पिशवीच्या चिंध्या असं अख्खं घरटं होतं. आत तीन पिल्लं, दोन गेलेली. परवा नारळाचा शेंडा साफ करताना घरटं खाली पडलं आणि त्याच दुपारी मांजराने आईला सगळ्यांसमोर उचलून नेलं. म्हणजे हे पिल्लू जवळजवळ दोन दिवस उपाशी.

आई मेल्याचं नक्की माहीत होतं म्हणून थेट ठेवून घेतलं. एरवी पहिला प्रयत्न आईकडे परत देण्याचाच करायचा. पिल्लू गरम करून, खोक्यात घालून झाडाच्या बुंध्यापाशी उंचावर बांधायचं आणि अंधार पडेपर्यंत लांबून राखण करायची. खार पिल्लं तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे खोटं आहे. कितीतरी पिल्लं या एका समजुतीपायी उगाच अनाथ होतात.

माझी ही तिसरी खार. पहिली वाचली नाही, दुसरी सुटली. तिसरीची नोंद रोजच्या रोज ठेवतेय, कारण इतकं खंगलेलं पिल्लू मी याआधी हातात घेतलेलं नव्हतं.

सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आहे माझ्याकडे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर १६.२. पाठीवर तीन पट्टे स्पष्ट (उत्तरेकडच्या खारीला पाच असतात, आपल्या कराडकडे ही तीनपट्टीच), डोळे मिटलेले, खालचे दोन दात नुकते टोचायला लागलेले. दुसरी खार याच अवस्थेत २५ ग्रॅमची होती, जुन्या वहीत आहे. हिचं डोकं तेवढं मोठं, बाकी अंग म्हणजे रिकामी पिशवी. कंबरेची हाडं बोटाला टोचतात, शेपूट सुतळीसारखी. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर उभीच राहिली, म्हणजे अंगात पाणी नाही. हात लावला तर गार. मुंग्या लागलेल्या होत्या, त्या रंगाच्या ब्रशने काढल्या. कानात आणि शेपटीखाली माशीची अंडी आहेत का तेही पाहिलं. पिवळट दाणे असतात, दिसले तर त्याच क्षणी काढायचे. हिच्या अंगावर नव्हते.

सासूबाई मागे उभ्या. "अगं, गाईचं दूध कोमट करून बोळ्याने पाज की. आम्ही मांजरांची पिल्लं तशीच जगवली."

मी नाही म्हटलं. गाईच्या दुधाने यांना जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला एका रात्रीचे जुलाब पुरतात. शिवाय गार अंगात काहीच घालायचं नसतं. पोट चालत नाही, दूध आत तसंच राहून नासतं.

"मग आधी शेक दे," त्या म्हणाल्या. "बाळंतीण असो नाहीतर बाळ, आधी शेक, मग बाकीचं."

हे मात्र शंभर टक्के बरोबर. त्यांनीच तव्यावर तांदूळ गरम करून मोज्यात भरले, वर गाठ मारली. ती पुरचुंडी खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली, फार गरम झालं तर पिल्लाला सरकता यावं म्हणून. माशांच्या टाकीचा तापमापक आत टाकला, ३३ अंश. पाऊण तासाने पोट हाताला गरम लागलं, तेव्हा कुठे सिरिंज हातात घेतली.

आधी दूध नाही, फक्त ओआरएस, क्षार-साखरेचं पाणी. ओआरएस म्हणजे औषधाच्या दुकानातलं साधं पाकीट, अख्खं एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात. टेट्रापॅकमधली गोड पेयं नव्हेत. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं.

एक मिलीची इन्सुलिनची सिरिंज, सुई काढलेली, पुढे सायकलच्या वॉलट्यूबचा छोटा तुकडा. पिल्लू उताणं कधीच धरायचं नाही. पालथं, डोकं जरा वर. एक थेंब, गिळलं, मग दुसरा. नाकातून बुडबुडा आला की थांबायचं, डोकं खाली करून पुसायचं. पहिली खार माझ्या हातून गेली ती अशीच. घाईत पाजलं, दूध फुप्फुसात गेलं, तिसऱ्या दिवशी श्वासाची घरघर सुरू झाली.

०.३ मिली घेतलं. पाजल्यावर कोमट ओला कापूस पोटाखाली फिरवला. आई चाटून जे करते ते आपण कापसाने करायचं, नाहीतर यांना लघवी होत नाही. दोनच थेंब, चहाच्या रंगाचे.

वन विभागाच्या १९२६ वर फोन करून कळवलं. वनरक्षकांनी नोंद घेतली, सावरेपर्यंत सांभाळा म्हणाले. हे प्रत्येकाने करावं. खार घरात दिसते म्हणून ती घरातली होत नाही, ती वन्यजीवच.

दिवस २ ते ४

रात्री दर दोन तासांनी गजर. वजन १६.९, मग १७.१, मग १७.८. पहिला दिवसभर फक्त ओआरएस. दुसऱ्या दिवशी तीन भाग ओआरएस आणि एक भाग दूध, तिसऱ्या दिवसापासून अर्धं-अर्धं. पिल्लांची दूध पावडर (कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते तीच) पुण्याहून एसटीच्या पार्सलने यायची होती, तोवर शेळीचं दूध पातळ करून चालवलं. एका वेळेला किती, याचा हिशेब वजनाच्या पाच टक्के. १६ ग्रॅमला ०.८ मिली. सासूबाईंनी सिरिंजमधलं ते दूध डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "हा बघ खारीचा वाटा," आणि स्वतःच हसल्या.

उपाशी पिल्लाला एवढ्या पायऱ्या कशाला, असं मला दुसऱ्या खारीच्या वेळी वाटायचं. ते पिल्लू धडधाकट होतं, चाललं. पण उपासमार झालेल्या शरीरात एकदम पूर्ण आहार गेला की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम असे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडू शकतं. माणसांचंही तेच होतं. बाहेरून बघणाऱ्याला पिल्लू अधाशासारखं चोखताना दिसतं आणि वाटतं, देऊया अजून.

दिवस ५

दिलं अजून.

पावडर आली. चौथ्या दिवसाचा आकडा बघून मला जोर चढला होता. मधली पायरी गाळून थेट डब्यावरच्या प्रमाणाचं पूर्ण दूध, तेही १.२ मिली. चोखून चोखून प्यायली, मी फोटोसुद्धा काढला. संध्याकाळी पोट डमरूसारखं ताणलेलं, रात्री पिवळं पाणी.

दिवस ६

१६.८. चार दिवसांत मिळवलेल्यातलं बरंचसं एका रात्रीत गेलं. पुन्हा निव्वळ ओआरएस, पुन्हा पुरचुंडी. पोटावर बोटाने गोल-गोल हलका मसाज; हे सासूबाईंनी केलं, माझा हात थरथरत होता. शाळेत रजा टाकली. कारण 'घरगुती' लिहिलं.

दिवस ७ ते १३

या आठवड्याचं सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच बरं. एका पायरीवर दोन दिवस थांबल्याशिवाय पुढची चढायची नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. १७.४, १८.१, १८.६, १९.५. लघवी फिकट झाली, मोहरीएवढ्या घट्ट लेंड्या सुरू झाल्या. कातडी चिमटीतून सुटली की लगेच बसते. अकराव्या दिवशी उजवा डोळा उघडला, बाराव्या दिवशी डावा. मधला एक दिवस ती जगाकडे डोळा मारत होती.

शाळा सुरू असल्याने दुपारची दोन पाजणी सासूबाईंकडे. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे कबूल करायलाच हवं. मी नाव ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. घरी आले तर तिची चिंगी झालेली.

दिवस १४ ते २३

२२ ग्रॅमवर पूर्ण दूध, या वेळी रीतसर. २१ व्या दिवशी ३१.४. दात धारदार झाल्यावर वॉलट्यूब काढून टाकली. हे विसरू नका, कुरतडलेला तुकडा गिळला तर आतडं अडतं. आता बशीतून चाटते आणि अर्धं दूध मिशांना लावते, त्यामुळे दर वेळी तोंड पुसावं लागतं. सुकलेल्या दुधाखाली केस झडतात.

खाऊ सुरू केला. सफरचंदाचा कीस, काकडी, भिजवलेला शेंगदाणा, सूर्यफुलाच्या बिया. शेंगदाणा आणि बिया सोडून बाकी सगळं तिने पायाखाली तुडवलं. खातेय ना, म्हणून मी शेंगदाणे देत गेले. दुसरी चूक ही.

दिवस २४

पडद्यावर चढताना दोनदा घसरली. मला वाटलं, नवशिकी आहे.

दिवस २७

सकाळी खोक्यात पोटावर पसरलेली. पुढचे पाय ओढतात, मागचे बेडकासारखे फाकलेले. हात लावला की ओरडते. वजन ३६.८, म्हणजे काट्याच्या दृष्टीने सगळं उत्तम. काट्यावर मी इतकी विसंबले होते की पायांकडे बघितलंच नाही.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी तळहातावर घेतली, मागचे पाय चाचपले. "ताई, व्यायलेल्या म्हशीला मी बाटलीभर कॅल्शियम लावतो. हिला किती थेंब द्यायचे ते मला वही घेऊन बसावं लागेल." खरंच बसले, एका वन्यजीव डॉक्टरांना फोन लावला आणि हिशेब करून तोंडावाटे द्यायचं औषध लिहून दिलं. डोस इथे मुद्दामच टाकत नाही. तो वजनावर ठरतो, आणि दुसऱ्याच्या पिल्लाचा डोस आपल्या पिल्लाला द्यायचा नसतो. हाड मोडलेलं नव्हतं, मात्र मोडायच्या बेतात होतं.

कारण साधं आहे. शेंगदाणा, सूर्यफूल, मका यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. हाडं घडायला कॅल्शियम दोन भाग आणि फॉस्फरस एक, असं काहीसं हवं. नाहीतर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली भरपाई करतं. धष्टपुष्ट पिल्लाच्या हाडांत थोडी शिल्लक तरी असते. हिची तर पहिल्यापासूनच उधारी.

त्या दिवसापासून शेंगदाणा बंद, बिया बंद. दूध पुन्हा वाढवलं. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शेवग्याचा कोवळा पाला. पक्ष्यांच्या दुकानातून समुद्रफेणाचा तुकडा आणून टांगला, तो ती कुरतडते. आणि सकाळचं ऊन, गच्चीत जाळीच्या पेटीत वीस मिनिटं, अर्ध्या भागात सावली ठेवून. काचेच्या खिडकीतलं ऊन उपयोगाचं नाही, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. उंच चढणं पूर्ण बंद, खोक्यात तळाला मऊ कापड.

पहिले तीन दिवस तिने नाचणीकडे पाठ फिरवली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी त्यात केळ्याचा नखाएवढा तुकडा कुस्करून घातला.

दिवस ३३

मागच्या पायांवर बसली. दोन्ही हातांत शेवग्याचं पान धरून. सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ-मोहरी चुलीत टाकताना म्हणाल्या, "रामाची बोटं आहेत पाठीवर, तोच बघेल." मी म्हटलं, समुद्रफेणही बघेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प पाणी भरायला गेले.

दिवस ४०

५२.३ ग्रॅम. उडी मारते, पाय सरळ पडतात. माझी दुसरी खार या वयाला ६० च्या पुढे होती. हा फरक बहुतेक राहील, आणि राहिला तरी चालेल.

एक अडचण मात्र उभी राहिलीय. ती सासूबाईंच्या पदरात झोपते. खांद्यावर खार बसवून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो, आणि आता तो फोटो आमच्याच स्वयंपाकघरात. माणसाला न घाबरणारी खार बाहेर पहिल्या मांजरालाही घाबरत नाही. गेल्या रविवारी घरात यावर बोलणं झालं. सासूबाई दोन तास बोलल्या नाहीत, मग स्वतःच म्हणाल्या, "पिंजरा बाहेर कधी बांधायचा?"

दिवस ४८, २७ मार्च

परसातल्या आंब्यावर जाळीचा उंच पिंजरा बांधलाय, आत लाकडी घरटं, वरून पत्रा. बुंध्याला मांजर चढू नये म्हणून गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला. दिवसा ती तिथे, रात्री अजून घरात. आणखी आठवडाभराने रात्रीही बाहेर, त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दार उघडं. बाहेर पडल्यावरही खाणं काही दिवस तिथेच ठेवायचं, हवं तेव्हा परत येता यावं म्हणून. झाडावरच्या दोन मोठ्या खारी येऊन चिरकून जातात. चिंगी पहिल्या दिवशी घरट्यात दडून बसली, काल तिने उलट चिरकून उत्तर दिलं. नारळाच्या शेंडीचा काथ्या आत टाकला होता, तो ओढून-ओढून घरट्यात नेलाय, कुणी न शिकवता.

आजचं वजन लिहायचं राहिलंय. काट्यावर ठेवली की ती उडी मारून पिंजऱ्याच्या जाळीला लटकते. आकडा ४१ आणि ७० च्या मध्ये कुठेतरी नाचतो. तीनदा प्रयत्न केला, मग वहीत रकाना कोरा सोडला.